सबवूफर मेलाय की नुसता रुसलाय? दुरुस्ती की नवीन, कसं ठरवायचं

घरातला सबवूफर बंद पडला की साधारण दोनच गोष्टी होतात. एक तर तो कोपऱ्यात तसाच पडून राहतो आणि हळूहळू त्यावर मनी प्लांट, रिमोट, लाइटबिलं असं सगळं जमायला लागतं, नाहीतर दिवाळीच्या सेलमध्ये नवा येतो आणि जुना भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो. मधली एक पायरी बहुतेक लोक गाळतात, ती म्हणजे नक्की गेलंय काय ते बघणं. ते कळल्याशिवाय रिपेअर की नवीन या प्रश्नाला उत्तरच नाही, आणि ते कळायला इंजिनियर असावं लागत नाही, एक साधा मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल आणि संध्याकाळचा थोडा वेळ एवढं पुरतं.

सबवूफर म्हणजे फक्त बेस, म्हणजे खालचे जाड आवाज वाजवणारा स्पीकर, आणि पॉवर्ड सबवूफर म्हणजे तीन वेगळ्या वस्तू एकत्र. एक एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा डबा, दुसरा त्यात बसवलेला मोठा स्पीकर म्हणजे ड्रायव्हर, आणि तिसरा मागच्या पत्र्यावर बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर ज्याला प्लेट अ‍ॅम्प म्हणतात, वायरची पिन, व्हॉल्यूमचं बटण, क्रॉसओव्हरचं (सबने किती वरपर्यंतचे आवाज वाजवायचे ते ठरवणारं) बटण सगळं त्याच पत्र्यावर असतं. डबा पाणी लागल्याशिवाय मरत नाही. ड्रायव्हर क्वचित मरतो. जातो तो बहुतेक वेळा अ‍ॅम्प, आणि अ‍ॅम्पमध्येसुद्धा मोठे महागडे पार्ट कमी वेळा, सप्लायमधले चिल्लर पार्ट जास्त वेळा. कारण उघड आहे, ते सर्किट हवा न लागणाऱ्या बंद डब्यात, सतत हादरे खात, आणि आपण बंद करत नाही म्हणून चोवीस तास मेन्सला लागलेलं असतं. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर टीव्ही बांधून तो वर्षानुवर्षं चालावा अशी अपेक्षा करण्यासारखंच आहे ते.

आता आधी खोटे बिघाड बाजूला काढू, कारण हे फार असतात.

सब रात्री हळू आवाजात मधेच बंद पडतो आणि आवाज वाढवला की परत चालू होतो, हा बिघाड नाही. ऑटो मोडमध्ये सबला ठरावीक पातळीच्या वर सिग्नल आला तरच तो जागा होतो. रिसीव्हरमधून, म्हणजे सबला सिग्नल देणाऱ्या होम थिएटरच्या मुख्य मशीनमधून, सबची लेव्हल थोडी वाढवायची आणि सबवरचं बटण तेवढंच कमी करायचं, आवाज तोच राहतो पण सिग्नल मजबूत जातो. नाहीतर सरळ ऑटोवरून ऑनवर टाका. तसंच बेस अचानक गायब झाला पण लाइट लागतोय, तर घरात कुणी सफाई करताना फेजचा स्विच ० वरून १८० वर गेलाय का बघा, किंवा रिसीव्हर रिसेट होऊन पुढचे स्पीकर लार्ज आणि सब ऑफ झालाय का बघा. साउंडबारसोबत येणारा वायरलेस सब असेल तर पॉवर कट झाल्यावर पेअरिंग तुटणं हा नेहमीचा प्रकार आहे, मॅन्युअलप्रमाणे परत पेअर करा, त्यासाठी टेक्निशियन बोलावून व्हिजिट चार्ज देऊ नका.

मग येतो सगळ्यात जास्त छळणारा प्रकार, हमिंग. सतत भुंऽऽऽ असा आवाज. इथे एकच टेस्ट करायची, सब बंद करून मागची आरसीए केबल काढायची आणि मग परत चालू करायचा. आवाज गेला तर सब ठीक आहे, गडबड बाहेर आहे. केबलची शील्ड तुटलेली असेल, नाहीतर अर्थिंगचा लूप झाला असेल, म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली आणि त्या चक्रातून आपल्या मेन्सची ५० हर्ट्झची घरघर सबमध्ये शिरली. केबल टीव्हीची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा, खूप घरांत चोर तिथेच सापडतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली तरी बऱ्याचदा फरक पडतो. यावर उपाय म्हणून काही लोक थ्री पिनची अर्थ पिन काढून टाकायला सांगतात, ते अजिबात करू नका, हमिंग जाईल पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर तो मागचा पत्रा स्वतःच लाइव्ह होईल आणि घरात लहान पोरं असतात.

केबल काढल्यावरही हमिंग तसंच राहिलं तर मात्र आतलं काम आहे, आणि बहुतेक वेळा ते सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरचं असतं, आपले रिपेअरवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. मेन्सच्या एसी करंटचं डीसी करताना उरलेली जी लाट असते ती १०० हर्ट्झची, म्हणजे अर्थ लूपपेक्षा जरा वरच्या पट्टीतली, थोडी खरखरीत. कान तयार असेल तर नुसतं ऐकूनही फरक कळतो. ही लाट गुळगुळीत करणं हेच त्या कंडेन्सरचं काम, तो सुकला की लाट सरळ स्पीकरमध्ये.

सुकतो का, तर आत एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू कमी होतो. कंडेन्सरवर १०५ डिग्री लिहिलेलं असतं आणि साध्या दर्जाच्या पार्टचं आयुष्य त्या तापमानाला साधारण २००० तास धरतात. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे डब्याच्या आत ६५ डिग्री धरले तर १६ पट, ३२ हजार तास, आणि सब चोवीस तास स्टँडबायवर असेल तर साडेतीन वर्षं आणि वर थोडं. तोच पार्ट कंपनीने पैसे वाचवून ८५ डिग्रीवाला टाकला असेल तर तो काळ एक वर्षापेक्षाही खाली येतो. हे गणित ढोबळ आहे, तीन वर्षांनी लगेच मरतो असं नाही, नुसता कमजोर होत जातो, आणि सगळे सब आतून एवढे तापतही नाहीत. पण यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे वॉरंटी संपल्यावर वर्षा-दोन वर्षांत सब जाणं यात नशिबाचा भाग कमी आणि उष्णतेचा जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे हा बिघाड काही रुपयांच्या पार्टचा आहे. मजुरीच काय ती द्यायची.

सब अजिबातच चालू होत नाही, लाइटच नाही, अशा वेळी लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि गंमत म्हणजे हाच प्रकार अनेकदा सगळ्यात स्वस्तात सुटतो. आधी भिंतीचं सॉकेट आणि पॉवर कॉर्ड, मग पिनजवळचा फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच रेटिंगचा टाका, वर टी लिहिलेलं असेल तर टी म्हणजे स्लो ब्लो टाइपचाच. नवा फ्यूज टिकला तर मिटलं. नवा फ्यूजही लगेच गेला तर थांबा, तिसरा टाकून बघू नका, आणि वायरचा तुकडा गुंडाळायची आयडिया तर डोक्यातून काढूनच टाका. फ्यूज परत गेला म्हणजे आत काहीतरी शॉर्ट आहे. ते पावसाळ्यात वीज पडून आलेल्या सर्जमुळे मेलेलं एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा पार्ट, असू शकतं, जे स्वतः मरून बाकीच्यांना वाचवतं आणि स्वस्त असतं, किंवा आउटपुटचे, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असू शकतात, आणि ते मात्र जरा काळजीचं. कधी कधी बोर्डावर भाजलेली पाल निघते. हसू नका, पॉवर सप्लायच्या उबेला पाली आणि झुरळं येतातच, आणि पोर्टच्या, म्हणजे डब्याला हवेसाठी ठेवलेल्या भोकातून उंदीर आत जाऊन वायरी कुरतडून घर करून बसल्याचंही रिपेअरवाले सांगतात.

अमेरिकेतून परत येताना लोक सामानात सब घेऊन येतात, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तिथली लाइन १२० व्होल्ट. काही सबना मागे ११५/२३० चा स्विच असतो, काहींना नसतो, आणि नसलेला किंवा न बदललेला सब इथे २३० ला लावला की धप्. तरीही तो मेला असं धरू नका. बऱ्याचदा फ्यूज आणि एमओव्ही एवढंच जातं, कधी सप्लायचे कंडेन्सर. पण ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग जळलं असेल तर तसा ट्रान्सफॉर्मर इथे बनवून घ्यावा लागतो, तो खर्च विचारूनच पुढे जा, आणि सब वाचला तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्चही हिशोबात धरा.

आता ड्रायव्हर. हा जिवंत आहे का हे घरी तपासता येतं, आणि संपूर्ण निर्णयातली ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट आहे असं माझं मत. सबची पिन भिंतीतून काढा, अर्धा तास थांबा, मग मागच्या पत्र्याचे स्क्रू काढून पत्रा हळूच बाहेर ओढा. बोर्डाला हात लावू नका, एसएमपीएस (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी असणारा हलका सप्लाय) असेल तर आतल्या मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो. ड्रायव्हरला जाणाऱ्या दोन वायरी काढा, काढण्याआधी फोटो काढा. त्या वायरींवर मल्टिमीटर ओहमवर लावा. ४ ओहमचा ड्रायव्हर साधारण ३ ते ३.८ दाखवतो, ८ ओहमचा साडेपाच ते सात. एवढं आलं तर कॉइल, म्हणजे ड्रायव्हरच्या आतलं तारेचं वेटोळं, तुटलेली नाही. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ आलं तर कॉइल भाजून आतल्या आत चिकटली. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर त्या वायरींना टेकवा, कोन, म्हणजे ड्रायव्हरचा पुढचा हलणारा पडदा, थोडासा हलला आणि हलकं थप झालं पाहिजे. शेवटी दोन्ही हातांची बोटं कोनच्या मधोमध गोलाकार ठेवून तो सरळ आत दाबा आणि सोडा. गुपचूप हलला तर छान. खर्र खर्र असं घासल्यासारखं वाटलं तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय, म्हणजे कधीतरी भाजून फुगलीय किंवा कोन तिरका झालाय.

गणपतीत मंडळातल्या पोरांनी "काका, दहा दिवसांसाठी द्या ना" म्हणून नेलेला घरगुती सब बहुतेक याच अवस्थेत परत येतो. घरातल्या खोलीसाठी केलेला ड्रायव्हर मोकळ्या रस्त्यावर फुल व्हॉल्यूमला तासन्‌तास चालवला की कॉइल भाजणारच, तिथे त्याला सावरायला भिंतीच नसतात.

कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर तीही बघा. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत कुजतो, बोट लावलं की भुगा होतो, मुंबई, कोकण, गोवा अशा किनाऱ्याच्या हवेत अजून लवकर. हा बिघाड दिसायला भयानक पण करायला सोपा, नेमक्या मापाची रिंग आणून नीट मधोमध धरून चिकटवायची, धीर असेल तर घरी होतं. रबराची रिंग मात्र खूप टिकते. कॉइल गेली असेल तर कोन, कॉइल, स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती) सगळं नवं टाकतात, त्याला रिकोनिंग म्हणतात, पण मूळ कंपनीचं किट मिळणं कठीण असतं आणि बाजारातल्या जेनेरिक किटने सब वाजतो जरूर, आधीसारखा वाजेलच असं नाही.

ही टेस्ट महत्त्वाची म्हणालो ते का, तर अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले की अनेक सर्किटमध्ये सप्लायचा पूर्ण डीसी थेट कॉइलवर जातो आणि काही सेकंदांत कॉइल भाजते. म्हणजे बिघाड एक असतो आणि नुकसान दोन ठिकाणी. एकटा अ‍ॅम्प गेलाय तर दुरुस्तीच्या बाजूने विचार करा. एकटा ड्रायव्हर गेलाय तर भाव विचारा. दोन्ही गेलेत तर फारच भारी सब असल्याशिवाय पैसे घालू नका, मग तुमच्याकडे फक्त एक डबा उरलाय. आणि तो डबासुद्धा खालून बघा, लादी पुसताना वर्षानुवर्षं पाणी लागून एमडीएफ फुगलेलं असेल, सांधे उघडले असतील तर हवा गळते आणि बेस भसाडा होतो. थोडं असेल तर फेविकॉल आणि क्लॅम्पने भागतं, पावासारखं फुगलं असेल तर नाही.

पैशांचा हिशोब करताना एक घोळ सगळे घालतात, दुरुस्तीचा खर्च मूळ किमतीशी तोलतात. "पंचवीस हजाराचा आहे, पाच हजार लागले तर लागले." पण पंचवीस हजार केव्हाच गेले, ते परत येणार नाहीत. तोलायचं ते असं, आज तसाच आवाज मिळवायला मला किती खर्च येईल, आणि त्यात सेकंडहँडचा भाव पण धरायचा. समजा तुमच्यासारखाच चालू सब सेकंडहँड ८ हजारांत मिळतोय आणि रिपेअरवाला ३ हजार म्हणतोय, तर करून टाका. साडेसहा म्हणत असेल तर नको, कारण दुरुस्त केलेल्या जुन्या बोर्डात उद्या दुसरा पार्ट जाऊ शकतो आणि ती रिस्क फुकट नसते. माझा स्वतःचा नियम निम्म्याचा, सेकंडहँड भावाच्या निम्म्यापर्यंत डोळे झाकून, त्याच्या वर गेलं की ड्रायव्हर कसा आहे ते बघून. जड चुंबकाचा, मोठ्या रबरी रिंगचा, दहा-बारा इंची ड्रायव्हर धडधाकट असेल तर मी निम्म्याच्या थोडं वरही जाईन, कारण आज त्या बजेटमध्ये नवीन येणारे सब वजनाला हलके आणि जाहिरातीत वॉटला भारी असतात. पीएमपीओ नावाचा वॉटचा फुगवलेला आकडा बघून सब घेऊ नका, तो आकडा कशाशीच जुळत नाही.

दोन-तीन हजारांचे २.१ सेट, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि एक सब, हा वेगळाच विषय. त्यात सबच्या डब्यातच सगळ्या स्पीकरचा अ‍ॅम्प असतो, म्हणून सब गेला की सगळंच मुकं होतं. यातही ट्रान्सफॉर्मर, एक-दोन आयसी आणि एक ब्लूटूथ-यूएसबीचं किट एवढंच असतं, आणि ते किट बाजारात सुटं मिळतं. गल्लीतला रिपेअरवाला स्वस्तात करून देतो. पण तो म्हणाला की मेन बोर्डच टाकावं लागेल तर सरळ नमस्कार करा. साउंडबारचे वायरलेस सब याच्या उलट, आत एकच गच्च बोर्ड, वायरलेस मॉड्यूल त्या बारशीच बांधलेलं, ते मॉड्यूल किंवा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) गेलं तर कंपनीशिवाय कुणी काही करू शकत नाही. सप्लायचा भाग गेला असेल तर मात्र तोही होतो, म्हणून एकदा दाखवून घ्यायला हरकत नाही.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि बाजारातला माणूस यात फरक असा की सर्व्हिस सेंटर पार्ट बदलत नाही, बोर्ड बदलतं. त्यामुळे चाळीस रुपयांच्या कंडेन्सरसाठी अख्ख्या प्लेटचा भाव येतो, तोही प्लेट उपलब्ध असेल तर. वॉरंटीत असेल तर अर्थातच तिथेच जा आणि आपण उघडू नका. वॉरंटीबाहेर असेल तर चौकशी करून ठेवा, केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल काढलंय, त्यावर काही कंपन्यांची मॅन्युअल आणि सर्व्हिसची माहिती असते, आणि पार्ट मिळेल सांगून महिनोन्‌महिने लटकवलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

बाजारात न्यायचं तर वीस किलोचं धूड रिक्षात घालून नेऊ नका. ड्रायव्हर घरी तपासलाय ना, मग फक्त मागचा पत्रा पिशवीत घालून न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, आणि छोट्या शहरात डीजे-साउंडवाल्यांची मशीन कोण करतो ते विचारा, तो माणूस बहुधा चांगला निघतो. बघायचं काय, तर तो सिरीज बोर्ड वापरतो का, म्हणजे बल्ब सिरीजमध्ये लावून मशीन चालू करतो का. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि नवे पार्ट वाचतात. थेट प्लगला लावणारा असेल तर दुकान बदला. बोर्डावरचा तपकिरी झालेला गोंद खरवडायला सांगा, पार्ट हलू नयेत म्हणून फॅक्टरीत जो पिवळट गोंद टाकतात त्यातला काही जुना होऊन, तापून वीज वाहायला लागतो आणि पार्टचे पाय गंजवतो. सगळे मोठे पाय परत सोल्डर करून घ्या, हादऱ्यांनी ड्राय सोल्डर होणं, म्हणजे सोल्डरचा सांधा सुटणं, हे सबच्या नशिबीच आहे. आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलत असतील, विशेषतः ती ५२०० आणि १९४३ ची प्रसिद्ध जोडी, तर ओरिजिनलचाच आग्रह धरा, डुप्लिकेट धो धो मिळतात आणि जोरात वाजवलं की उडतात. जुने पार्ट परत मागा. त्याच फॉल्टवर तीन महिन्यांची गॅरंटी मागा, काम माहीत असलेला माणूस खळखळ करत नाही.

अ‍ॅम्प सुधारण्यापलीकडे गेलाय आणि ड्रायव्हर उत्तम आहे, तर मधला रस्ताही आहे. पत्रा काढून त्या जागी प्लायवूडचा तुकडा हवाबंद बसवायचा, ड्रायव्हरच्या वायरी बाहेर काढायच्या आणि सब बाहेरच्या क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारच्या) अ‍ॅम्पवर चालवायचा. स्वस्त पडतं आणि अ‍ॅम्पला हवा पण लागते. फक्त लक्षात घ्या की मूळ अ‍ॅम्पमध्ये त्या ड्रायव्हरसाठी जुळवलेला ईक्यू (कुठला आवाज किती वाढवायचा त्याचं सेटिंग) असतो आणि पोर्टवाल्या डब्यात अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर असतो, तो फिल्टर नसेल तर स्फोटाच्या सीनला कोन वेडावाकडा उडून कॉइल आपटू शकते. तेवढं अ‍ॅम्प घेताना बघायचं.

टाकायचाच ठरला तर निदान ई-वेस्ट घेणाऱ्याकडे द्या. ड्रायव्हर चांगला असेल तर आधी काढून ठेवा, कुणीतरी नेतोच.

आणि दुरुस्त होऊन आला तर पहिल्या संध्याकाळी लगेच फुल व्हॉल्यूमला टेस्ट नको. केबल न लावता चालू करा, धप्प आवाज किंवा हमिंग येतंय का ऐका, मग हळू आवाजात तासभर वाजू द्या आणि मागच्या पत्र्याला हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पिन काढा आणि दुसऱ्या दिवशी पत्रा परत पिशवीत घाला. रोज रात्री भिंतीचं बटण बंद करायची सवय पण तेव्हाच लावून घ्या.